एकविसाव्या दिवशी मशीनचं झाकण उघडू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या घरी मशीनमध्ये कोंबडीची पिल्लं काढण्याबद्दल पानभर आलं होतं. फोटो छान होते, आमच्या वाडीत तो पेपर तीन घरांत फिरला, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या वाडीतल्या एका मुलीचा मला फोन आला की काकी, पेपरात लिहिलंय अंड्याला टवका पडला की कवच सोलून पिल्लाला लगेच मदत करायची, माझ्या चार अंड्यांना टवके पडलेत, तर सोलू का. मी म्हटलं बाळा, हात मागे घे आणि आधी झाकण लाव. तिने दोन सोललीच होती. रात्रीपर्यंत दोन्ही गेली. उरलेली दोन तिने माझं ऐकून तशीच ठेवली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आपली आपण बाहेर आली आणि आता डालग्यात चिवचिवतायत. म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, कापायचंच असेल तर सुरुवात कापा पण मधलं तेवढं कापू नका, कारण मशीन आता गावागावात आलंय आणि लोक पेपरात छापलेलं खरं मानतात.

मी कुडाळ तालुक्यातली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचं गोव्यातलं काम बंद झालं आणि ते घरी आले, तेव्हा आमच्याकडे आठ-दहा गावठी कोंबड्या होत्या, त्या सासूबाईंच्या. त्यांची पद्धत जुनीच. कोंबडी खुडूक झाली की डालग्यात पेंढा घालून दहा-बारा अंड्यांवर तिला रवणावर बसवायचं, अंड्यांत एक लोखंडाचा खिळा ठेवायचा म्हणजे ढग गडगडले तरी अंडी बिघडत नाहीत, आणि एकवीस दिवस त्या कोपऱ्यात कुणी जायचं नाही. खिळ्याने काही होतं असं मी म्हणणार नाही, पण कुणी जायचं नाही हा जो त्यांचा नियम होता ना, तो किती मोठा होता हे मला दोन घाणे फुकट गेल्यावर कळलं.

पहिलं मशीन आम्ही घरीच बनवलं. थर्माकोलची पेटी, ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब (एलईडीचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते), जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, आणि तापमान ठरावीक झालं की बल्ब बंद करणारं सर्किट. २४ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी पहाटे आतून चिवचिव ऐकू आली, मुलगा तेव्हा तिसरीत होता, तो उड्या मारत आला. एका अंड्याला बारीक तारेसारखी चीर होती. सकाळी आठला चीर, दुपारी बाराला पण तेवढीच चीर, पिल्लू आतून ओरडतंय, चोच हलतेय, पण पुढे काही नाही. मला वाटलं गुदमरतंय. मी झाकण काढलं, अंडं हातात घेतलं आणि नखाने कवच सोलायला लागले. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगो, हात लाव नको. कोंबडी काय पिलाक कवच फोडून दिता? आपल्या येळार भायर येतला." मी ऐकलं नाही. कवचाखालचा पडदा ओढला तसं रक्त आलं, थेंब नव्हे, धार म्हणावी असं, आणि पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची गोळी तशीच बाहेर लोंबत होती. ते पंधरा मिनिटांत गेलं. आणि झाकण अर्धा तास उघडं राहिलं म्हणून बाजूच्या अंड्यांतली अजून पाच पिल्लं टोच मारलेल्या अवस्थेतच आत सुकून गेली. मुलगा दोन दिवस जेवला नाही नीट. त्या दिवशी नेमकं काय चुकलं ते समजून घ्यायला मला बराच काळ लागला, ते सगळं इथे सांगते.

अठराव्या दिवसापर्यंत पिल्लू अंड्यातल्या रक्तवाहिन्यांमधून श्वास घेत असतं. कवचाच्या आतल्या पडद्यावर सगळीकडे या रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आतबाहेर होते, म्हणजे कवचाचा पडदा हेच तोपर्यंत त्याचं फुप्फुस. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पोकळी असते, उकडलेलं अंडं सोलताना जो खळगा दिसतो ना तीच. एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू उजव्या पंखाखाली मान घालून चोच त्या पोकळीत घुसवतं आणि आयुष्यात पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं, तिथून चिवचिव ऐकू यायला लागते. पोकळीतली हवा थोडीच असते, ती संपत येते, आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि त्यानेच त्याच्या मानेचा मागचा जाड स्नायू झटके द्यायला लागतो. चोचीच्या टोकावर पांढरा कठीण दाणा असतो (बाहेर आल्यावर काही दिवसांत तो गळून पडतो), त्या दाण्याने कवचाला आतून टवका पडतो. म्हणजे आपल्याला जी गुदमरण्याची अवस्था वाटते ती त्याला लागतेच, तिच्याशिवाय ते जोर लावणार नाही.

आणि मग ते थांबतं. बारा तास, कधी अठरा, कधी चोवीस तास. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दमलं, अडकलं, मेलं. आत काय चाललंय तर पडद्यातल्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतायत, त्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जातंय, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातोय. हे पूर्ण व्हायच्या आधी तुम्ही पडदा फाडलात की ते रक्त पिल्लाचंच वाहतं. माझ्या हातून नेमकं हेच झालं. हे पूर्ण झालं की पिल्लू स्वतःच अंड्यात गोल गोल फिरत टवके मारत जातं, डबीच्या टोपणासारखं बोथट टोक सुटतं आणि पायाने ढकलून ते बाहेर पडतं, याला कधी अर्धा तास लागतो, कधी चार-पाच तास. तर संपादक महोदय, तुमच्या लेखात "टवका दिसताच सोला" हे जे वाक्य होतं ते सगळ्यात वाईट वेळेला सोला असं सांगणारं वाक्य होतं.

दुसरी गोष्ट, लेखात लिहिलं होतं की शेवटच्या दिवशी दर दोन तासांनी झाकण उघडून अंड्यांवर पाणी शिंपडा. दमट हवा हवी हे बरोबर आहे पण झाकण उघडलं की पेटीतली वाफ एका क्षणात निघून जाते, आणि ज्या अंड्यांना टवके पडलेत त्यांचा आतला ओला पडदा सुकून कागदासारखा होतो आणि पिल्लाच्या पिसांना शिवल्यासारखा चिकटतो. मग ते फिरूच शकत नाही. जोर असतो, वेळ झालेली असते, पण जागेवर आवळलं जातं. आमची पाच पिल्लं अशीच गेली. म्हणून अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, पाण्याचं भांडं भरून ठेवायचं आणि झाकण लावलं की लावलं. याला सगळे लॉकडाऊनच म्हणतात, कोरोनाच्या आधीपासून म्हणतात. पाणी घालायचं झालंच तर बाहेरून बारीक नळी सोडून ठेवा, सलाईनची नवी नळी मेडिकलमध्ये मिळते, तिच्यातून भांड्यात पाणी सोडायचं, झाकण हलवायचंच नाही.

आणि ते "वाफ जाऊ नये म्हणून सगळी भोकं बंद करा" हे कुणी लिहिलं? शेवटच्या तीन दिवसांत पिल्लांना सगळ्यात जास्त हवा लागते. भोकं उघडीच हवीत.

दमटपणाचं मी जरा सविस्तर सांगते कारण मशीन विकणारे यावर काहीच सांगत नाहीत. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते ठीक आहे. पण कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरच ८५-९० टक्के असतं. विदर्भातल्या माझ्या नणंदेकडे मे महिन्यात हवा भाकरीसारखी कोरडी. एकच मशीन, एकच कागद, त्यावर पाण्याची दोन्ही भांडी भरा असं लिहिलेलं, तर माझ्याकडे पावसाळ्यात पिल्लं आत पाण्यात बुडाल्यासारखी मेली आणि तिच्याकडे उन्हाळ्यात सुकून. कारण अठरा दिवसांत अंड्यातलं पाणी उडून त्याचं वजन साधारण १२-१३ टक्के कमी व्हायलाच लागतं, तेव्हाच ती हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. पाणी उडालं नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं आणि चिकट होतं, त्याला फिरायला जागा मिळत नाही. मी आता पावसाळ्यात पहिले अठरा दिवस पाणी घालतच नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने नंबर घालून वजन करते. ४५ ग्रॅमचं गावठी अंडं अठराव्या दिवशी ४० च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर पाणी कमी, फार उतरलं तर पाणी वाढव. आणि पाणी वाढवायचं म्हणजे भांडं खोल नको, पसरट हवं, वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, खोलीवरून नाही. कमी पडलं तर त्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवायचा.

मशीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका हेही सांगते. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक घरात असतो, तो अंड्यांच्या शेजारी ठेवून ताडून बघा, पंख्याच्या पेटीत साडेसदतीस डिग्री हवं, म्हणजे त्याच्यावर फॅरनहाइटमध्ये ९९.५. माझ्या दुसऱ्या मशीनचा आकडा जवळजवळ एक डिग्री खोटा होता आणि तो सगळा घाणा तेविसाव्या दिवसापर्यंत रखडून निम्मा गेला. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली थंड असतं, तिथे अंड्यांच्या वरच्या बाजूच्या पातळीला मोजायचं आणि ३८.५ च्या आसपास ठेवायचं. दमटपणाचा मीटर तपासायचा तर बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुमचा मीटर पाच कमी सांगतोय, तेवढं धरून चाला. याला खर्च शून्य.

अंड्यांबद्दल थोडक्यात. दुकानातल्या पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लं येत नाहीत, तिथे कोंबडा नसतो. दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच म्हणून लिहिलं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा, सात दिवसांच्या आतली अंडी, फ्रिजमधली नकोत, धुतलेली नकोत कारण कवचावर जो नैसर्गिक लेप असतो तो धुतला जातो आणि घाण आत शिरते. आम्ही अंडी माठाजवळ ओल्या वाळूवर कापड घालून त्यावर ठेवतो, बोथट टोक वर. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघायचं, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत, एकच लाल कडं दिसलं तर गेलेलं, काहीच नाही तर फळलेलं नाही. गेलेली अंडी काढून टाका, आत सडून फुटली तर सगळ्या पेटीत वास आणि जंतू. फिरवायचं दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम संख्या एवढ्यासाठी की रोज रात्री मोठा वेळ त्याच बाजूवर पडू नये. कोंबडी स्वतः कितीतरी जास्त वेळा चोचीने सरकवत असते.

आता वीज. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते ती कधी कधी रात्रभर. लोक घाबरून झाकण उघडून अंडी चाचपत बसतात. उघडू नका, पेटीवर गोधडी टाका, भोकं तेवढी मोकळी ठेवा, आणि लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाहेरून टेकवा. खुडूक कोंबडी सुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं दाणापाण्याला उठतेच की, तेवढ्या गारव्याने अंड्याला काही होत नाही. काही तास थंड राहिलेली अंडी उशिरा का होईना फुटतात, आणि शेवटच्या आठवड्यात तर अंडी स्वतःच ऊब देत असतात. गरम झालेली मात्र वाचत नाहीत, ४० च्या वर गेलं की संपलं. म्हणून लाईट आल्यावर "भरपाई" म्हणून तापमान चढवायचं नाही. आमच्याकडे एकदा मिस्टरांनी प्रेमानेच चढवलं होतं आणि सकाळी आतला आवाज थांबलेला होता.

आता मुख्य. मग मदत कधीच करायची नाही का? करायची. मी करते. सासूबाईंना आवडत नाही, त्यांचं म्हणणं जे स्वतः येत नाही ते पुढे जगत नाही, आणि कोंबडीखाली ते खरंच आहे. पण मशीनमध्ये चूक बऱ्याचदा आपली असते, पिल्लाची नाही. आपल्या भोकांनी, आपल्या पाण्याने, आपल्या लाईटने ते अडकलं असेल तर त्याला तसंच सोडणं मला जमत नाही.

पण माझे नियम आहेत. टवका पडल्याची वेळ मी कागदावर लिहून पेटीला चिकटवते, अंदाजाने नाही, घड्याळ बघून. चोवीस तास पूर्ण होईपर्यंत काहीही नाही. पिल्लू मधूनमधून बोलतंय, चोच मिटतंय उघडतंय, तर ते कामातच आहे. चोच अशी चघळल्यासारखी हलत असेल तर बलक अजून आत जातोय असं समजायचं आणि अजून थांबायचं. चोवीस तास झाले, टवका तेवढाच आहे, कडेचा पडदा पिवळट तपकिरी आणि चामड्यासारखा दिसतोय, किंवा पिल्लाने अर्धं गोल कापून पाच-सहा तास काहीच केलं नाही, तर मग मी हात लावते. टोच निमुळत्या टोकाला पडली असेल तर मी जास्त लक्ष ठेवते कारण तिथे हवेची पोकळी नसते, पण अशीही बरीच पिल्लं आपली आपण आलेली पाहिलीत, म्हणून तिथेही घाई नाही.

हात लावायचा तो मशीनशेजारी नाही. मी मोरीत कडकडीत पाण्याची बादली ठेवून दार लावते, वाफ कोंडली की मगच अंडं ओल्या कोमट फडक्यात गुंडाळून आत नेते, आणि मशीनचं झाकण लगेच बंद. हात साबणाने धुतलेले, नखं कापलेली. टवक्याच्या कडेने बोथट टोकाकडचं फक्त कवच, पडदा नाही, फक्त वरचं कवच, चिमट्याने खड्याखड्याने काढायचं. मग कान साफ करायची काडी कोमट पाण्यात भिजवून पिळून तो पांढरा पडदा ओला करायचा. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि खालचं दिसतं. लाल शिरा दिसल्या तर थांबायचं, तिथेच थांबायचं, अंडं परत मशीनमध्ये आणि चार ते सहा तास विसरून जायचं. चोचीजवळ श्वासाला जागा राहील एवढंच बघायचं, नाकपुड्यांवर पाणी नको, तेल तर नकोच. काही जण पडद्याला खोबरेल तेल लावतात, मऊ राहतो हे खरं, पण चोचीजवळ नेऊ नका. शिरा दिसत नसतील तर पडदा चोचीपासून मागे हलक्या हाताने सोडवायचा, डोकं मोकळं करायचं आणि तिथे थांबायचं. पाय आणि पोट कवचातच राहू द्या. शेवटचं ढकलणं त्याचं त्याने करायचं, त्यात त्याच्या पायांना जोर येतो आणि बेंबी बंद व्हायला वेळ मिळतो. मध्येच रक्ताचा टिपूस आला तर स्वच्छ कापूस हलकासा दाबून धरायचा, थोडा कॉर्नफ्लॉवर लावला तर रक्त लवकर थांबतं, आणि मग त्या अंड्याला पुन्हा विश्रांती. माझं एक अंडं असं तीन वेळा आतबाहेर होऊन अकरा तासांनी मोकळं झालं. ती कोंबडी आज आमच्याकडची सगळ्यात चांगली खुडूक बसणारी आहे.

बाहेर आलेल्या पिल्लाच्या बेंबीला वाळलेला दोरा असतो, तो ओढू नका, आपोआप पडतो. बेंबीला थोडा बलक बाहेर दिसत असेल तर पिल्लाला लहान वाटीत ओलसर मऊ टिश्यू घालून मशीनमध्येच ठेवा म्हणजे इतर पिल्लं टोचत नाहीत, बऱ्याचदा रात्रीत आत ओढलं जातं. आणि हेही सांगायला पाहिजे की मदत केलेली सगळी जगत नाहीत. काहींची मान वाकडी असते, काही पोटातूनच अपुरी असतात. दोन-तीन दिवसांत जातात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, लपवू नका.

बाहेर आलेली ओली पिल्लं बघून लोकांचा जीव वरखाली होतो की आता भूक लागली असेल, लगेच काढा. नाही. पोटात ओढलेला बलक त्यांना दोन ते तीन दिवस पुरतो, म्हणूनच तर हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून जिल्हे ओलांडून गावात येतात. पूर्ण सुकून कापसाच्या गोळ्यासारखी होईपर्यंत, चोवीस तासांपर्यंत सुद्धा, मशीनमध्येच राहू देत. ती इतर अंड्यांवर धडपडतात, लोळतात, त्याने बिघडत नाही, उलट त्यांची चिवचिव ऐकून मागची अंडी जागी होतात असं मला तरी दरवेळी दिसतं.

पुढे ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली तर गरम, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर, थर्मामीटरपेक्षा हे खरं. खाली नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घालू नका (तुमच्याच पेपरला लिहितेय तरी सांगते), पाय दोन बाजूंना फाकतात. भाताचं तूस आणि वर खरखरीत गोणपाट. पाय फाकलेच तर पट्टीची बारीक चिंधी करून दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर जोडायचे, दोन-तीन दिवसांत सुधारतात. पहिलं पाणी कोमट, थोडा गूळ घातलेलं, एकेकाची चोच बुडवून दाखवायची. पाण्याच्या भांड्यात गोटे घाला नाहीतर बुडतात. तांदळाच्या कण्या पहिल्या दिवशी ठीक, नंतर पिल्लांचं खाद्यच द्या, नुसत्या कण्यांवर वाढ होत नाही. शेपटीखाली घाण चिकटून बंद झालं असेल तर कोमट पाण्याने हळू पुसायचं. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एवढं करून काढलेली पिल्लं दीड महिन्याने मानमोडीत एका रात्रीत गेलेली मी पाहिलीत. मुलांनी पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, गालाला ओठाला लावायची नाहीत.

मशीन विकणाऱ्यांबद्दल एक तक्रार आहे. नाव घेत नाही, एकटा कुणी नाही. माझ्या दुसऱ्या मशीनच्या खोक्यावर ९८ टक्के पिल्लं निघणार असं छापलेलं होतं आणि आतला कागद मला न वाचता येणाऱ्या भाषेत. एवढे पैसे गुंतवणाऱ्या बायका बचत गटातल्या असतात, कर्ज काढून घेतात. चांगल्या ताज्या अंड्यांतून, नीट सांभाळून, माझ्याकडे २४ मधली पंधरा-सोळा निघतात, कधी अठरा, आणि मी ते उत्तम मानते. कुरियरने आलेल्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी समाधान मानायचं, हादऱ्याने आतली हवेची पोकळी सुटलेली असते, अशी अंडी आल्यावर एक दिवस बोथट टोक वर करून शांत ठेवायची. हे सगळं मराठीत एका पानावर छापून खोक्यात घालायला कितीसा खर्च येतो? बदकाला २८ दिवस लागतात, लाव्हरीला १७-१८, हे सुद्धा लोकांना माहीत नसतं आणि एकविसाव्या दिवशी बदकाचं अंडं फोडून बघतात.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, ती तीन वाक्यं चुकली होती असं छापा. टवका पडल्यावर चोवीस तास थांबा, झाकण उघडू नका, हवेची भोकं बंद करू नका. आत्ता सीझन आहे, बऱ्याच घरांत मशीन चालू असतील, कुणाचा सोळावा दिवस असेल, कुणाचा विसावा. माझ्या इथे आज सतरावा आहे. उद्या सकाळी शेवटचं वजन करून फिरवणं बंद करणार, पाण्याचं भांडं भरणार आणि पेटीवर वेळेचा कागद चिकटवणार. मुलाने तो आधीच आखून ठेवलाय.

आपली नियमित वाचक,
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग